हिल्डाला ‘कशी आहेस’ विचारू नये

ऑस्ट्रेलियात ‘हाउ आर यू गोइंग?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते आधीच ठरलेलं असतं: गुड, थँक्स. विचारणाऱ्याला ऐकायचं नसतं आणि सांगणाऱ्याला सांगायचं नसतं. आपल्याकडे जिन्यात भेटलेला शेजारी ‘काय, झालं का जेवण?’ विचारतो, तसलाच प्रकार. कोणी ‘नाही झालं’ म्हणालं तर विचारणाऱ्याचीच पंचाईत.

हिल्डा ही पंचाईत रोज करायची. भाजीच्या दुकानात काउंटरवरची मुलगी टोमॅटो काट्यावर ठेवता ठेवता विचारायची, ‘हाउ आर यू?’ आणि हिल्डा थांबायची. पिशवी खाली ठेवून विचार करायची. मागे रांग खोळंबलेली. मग सांगायची, ‘सकाळी जरा खिन्न होते. आता बरी आहे. गुडघा मात्र दुखतोय. तू कशी आहेस?’ आणि त्या मुलीच्या उत्तराची वाटही बघायची. सुरुवातीला मी शरमेने कोथिंबिरीच्या जुड्यांकडे बघत उभी राहायचे. बऱ्याच काउंटरवाल्या हिल्डा दिसली की आवराआवर करायला लागायच्या. एक मात्र होती, नाकात चमकी घातलेली, जी आपल्या काउंटरवरून हात करून तिला बोलवायची.

मी हिल्डाकडे भाडेकरू म्हणून गेले ती तिच्या जाहिरातीमुळे. ती वर्षं विद्यार्थ्यांच्या पुराची होती. ठाण्या-पुण्यात गल्लोगल्ली एजंट बसले होते. कोणी अकाउंटिंगला येत होतं, कोणी हेअरड्रेसिंगला, कोणी कुकरीला, कारण त्यातून पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, लवकर मिळते असं कोणीतरी कोणाला तरी सांगितलेलं असायचं. दोन खोल्यांच्या युनिटमध्ये सात-आठ जण. गाद्या कमी, त्यामुळे एकाची शिफ्ट सुरू झाली की दुसऱ्याची झोप सुरू. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीबाहेरचा फळा खोल्यांच्या जाहिरातींनी भरून वाहायचा आणि प्रत्येकीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे असायचंच. चालत की हेलिकॉप्टरने, ते नसायचं.

त्या गर्दीत एक हाताने लिहिलेला कागद होता. ‘खोली. उन्हाळ्यात तापते. नळ ठिबकतो, दुरुस्त करूनही. शेजारचा कुत्रा पहाटे भुंकतो. स्टेशन लांब आहे. घरमालकीण म्हातारी आहे आणि स्वयंपाकघराच्या बाबतीत हट्टी आहे. लिंबाचं झाड चांगलं आहे.’ माझ्याबरोबरची मैत्रीण म्हणाली, ‘वेडी दिसतेय कोणी.’ मला मात्र त्या फळ्यावर विश्वास ठेवण्याजोगं एवढं एकच वाटलं.

घर मेलबर्नमध्ये, ग्लेन वेव्हर्लीच्या रेल्वे लाइनवर, शहराजवळच्या एका जुन्या उपनगरात होतं. रस्त्याला लागून विटांची एक बुटकी इमारत, आणि तिच्या मागे, अंगणापलीकडे, हिल्डाचं लाकडी घरकुल. स्वयंपाकघराची खिडकी थेट लिंबाच्या झाडात उघडायची. कपाटं पिवळी रंगवलेली होती, हिल्डाने स्वतः. कुठली सुरी कुठे, कुठलं फडकं कशाला, सिंक वापरून झालं की कोरडं पुसायचं, या सगळ्याला कायदे होते. बाकीच्या घरात कोणी काय करावं याबद्दल तिला काहीच म्हणायचं नसे. आयुष्यात हट्ट एवढाच ठेवला होता आणि तो सगळा त्या खोलीत.

पहिल्या रविवारी मी पोहे केले आणि मोठ्या कौतुकाने तिच्यापुढे बशी ठेवली. तिने दोन घास खाल्ले. ‘कोरडे आहेत,’ म्हणाली, आणि तिसरा घास घेतला.

मी चाट पडले. म्हटलं, ‘आमच्याकडे पाहुणा छान म्हणतो.’

‘नेहमी?’

‘नेहमी.’

‘मग खरंच छान झालेले कळतात कसे?’

 पुढे कितीतरी महिन्यांनी एका सकाळी ती म्हणाली, ‘आज चांगले झालेत,’ तेव्हा मी तो मजकूर सांगायला ठाण्याला बाबांना फोन केला होता.

पुढच्या विटांच्या इमारतीला मी आधी एखादा क्लब समजले होते. पाटीवर ‘फ्रेंड्स’ असा शब्द होता. दर रविवारी सकाळी आठ-दहा म्हातारी माणसं यायची, आत जायची, आणि तासभर आतून काहीही ऐकू यायचं नाही. गाणं नाही, घंटा नाही, साधं खाकरणंही नाही. एकदा मी न राहवून दारातून डोकावले. रिकाम्या भिंती. चौकोनात मांडलेली लाकडी बाकं. मध्ये टेबलावर पाण्याच्या ग्लासात लिंबाची एक फांदी. माणसं नुसती बसलेली. तास संपला तेव्हा हिल्डाने शेजारच्याचा हात हातात घेऊन हलवला, मग सगळ्यांनी एकमेकांचे हलवले, आणि चहा झाला.

‘काय करता तुम्ही आत?’

‘वाट बघतो.’

‘कोणाची?’

तिने नेहमीसारखा वेळ घेतला. ‘मला अजून नीट माहीत नाही,’ म्हणाली.

हे क्वेकर लोक, स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवणारे. त्यांची गोष्ट तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक वेळा भांडी पुसताना. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात चांभारकाम शिकलेल्या एका तरुणाला वाटलं की देव प्रत्येकाच्या आत थोडाथोडा आहेच, तर त्याच्याशी बोलायला मध्ये दलाल कशाला? म्हणून यांच्यात पाद्री नाही. सगळ्यांच्या आत सारखाच उजेड, म्हणून कोणापुढे टोपी काढायची नाही, न्यायाधीशापुढेही नाही. रोज खरंच बोलायचं, म्हणून कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण आज शपथेवर खरं बोलते म्हणजे काल बोलले ते काय होतं? युद्धात जायचं नाही. जुगार नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या सुट्टीला सगळं मेलबर्न टोप्या घालून टीव्हीसमोर बसायचं आणि हिल्डा शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढत असायची. या सगळ्यापायी हे लोक पूर्वी पुष्कळ तुरुंगात गेले. तुरुंगाची ओळख झाल्यामुळे असेल, पण ऑस्ट्रेलियात त्यांच्यातले जे पहिले आले ते इथल्या कैद्यांचे हाल बघायला आले आणि त्यांच्या मागून थोडे थोडे इथेच रुजले. हिल्डाच्या मंडळीतले मात्र आता वाळत चालले होते.

आणि त्यांच्यात मतदान नसतं. हे मला सगळ्यात अजब वाटायचं. निर्णय करायचा तर सगळे बसतात, बोलतात, गप्प बसतात, पुन्हा बोलतात. हात वर करणं नाही, डोकी मोजणं नाही. सगळ्यांचं मन कुठे येऊन टेकलं ते बैठक चालवणाऱ्या क्लार्कने ओळखायचं, तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवायचा. एकाला जरी मनापासून वाटलं की हे बरोबर नाही, तरी तो अडवू शकतो. मग सगळे थांबतात. बाकांवर उशा घालायचा विषय असाच दोन हिवाळे लटकला होता, कारण केनेथ नावाच्या एका सभासदाला वाटायचं की मऊ बसलं की झोप लागते. कोणी त्याला समजावायला गेलं नाही. शेवटी एका रविवारी केनेथलाच उघड्या बाकावर घोरताना सगळ्यांनी ऐकलं, आणि पुढच्या बैठकीत त्याने आपली अडचण मागे घेतली. या बैठकीची क्लार्क म्हणजे हिल्डा.

‘क्लार्क? म्हणजे कारकून?’ बाबांनी विचारलं होतं. आपल्याकडे कारकुनाला साहेब व्हायचं असतं. इथे सगळ्यात वरची खुर्चीच क्लार्कची, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही.

बाबा माझ्या कॉन्व्होकेशनला आले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. व्हिसा तीन महिन्यांचा होता, आणि हिल्डाने पुढच्या इमारतीतली पुस्तकांची छोटी खोली त्यांना देऊ केली. देऊ केली म्हणजे, बाबांना तिथे झोपू द्यावं की नाही यावर आधी ती मंडळी रीतसर गप्प बसली, मग ठराव झाला, मग खाट आली.

माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या आयुष्यात त्यांना लोकांनी ‘सर’ म्हटलं. रिक्षावाले म्हणत, डॉक्टर म्हणत, आईसुद्धा चारचौघांत ‘सर आले’ म्हणायची. हिल्डाने दारात त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘वेलकम, मधुकर.’ नाव तिने आदल्या आठवड्यात माझ्याकडून घोटून घेतलं होतं, त्यामुळे उच्चार चोख होता.

बाबांचे कान लाल झाले. रात्री मला म्हणाले, ‘तिला सांग, मिस्टर तरी लाव म्हणावं.’

मी सांगितलं. हिल्डा म्हणाली, ‘ते मला जमायचं नाही. आमची माणसं राजालासुद्धा नावाने हाक मारायची.’

‘राजाला अरे-तुरे?’ बाबा म्हणाले. ‘मग तुरुंगात नाही टाकणार तर काय पेढे वाटणार?’

पण दोन-तीन आठवड्यांत मी बघितलं, की अंगणातून ‘मधुकर!’ अशी हाक आली की ते वर्तमानपत्र टाकून उठतात. एकदा लिंबं तोडताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘माझी आई गेल्यापासून या नावाने कोणी हाक मारली नव्हती.’ आणि पुढच्या फांदीकडे वळले. 

रविवारी ते बैठकीला जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर त्यांचा अभिप्राय: ‘मूर्ती नाही, पोथी नाही, भटजी नाही. मग दक्षिणा घेतं कोण?’ दुसऱ्या रविवारचा अभिप्राय: ‘शाळेत पस्तीस वर्षं मी शांतता ठेवा, शांतता ठेवा म्हणून ओरडलो. ती असते अशी.’

याच सुमारास तो विषय निघाला. काढला केनेथने. निवृत्त सुतारकामाचा मास्तर, लांबलचक, हाताला सतत काहीतरी तासायची सवय असलेला. हिल्डाशी त्याची मैत्री माझ्या जन्माआधीपासूनची. तो म्हणाला, आपण थोडे उरलो आहोत. छत गळतंय, पायऱ्या चढवत नाहीत. शहरात आपल्या लोकांची मोठी बैठक आहे, तिकडे जावं. आणि ही जागा विद्यार्थ्यांना राहायला स्वस्तात खोल्या देणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकावी. ‘ही मुलं गाडीत झोपतात, हिल्डा. आपण एवढ्या मोठ्या खोलीत आठवड्यातून एकदा गप्प बसतो.’

म्हणणं बिनतोड होतं. त्यात एकच अडचण होती. मागे नव्या खोल्या बांधायच्या तर मंडळीच्याच जागेतलं हिल्डाचं घरकुल पाडावं लागणार होतं. पिवळी कपाटं, खिडकी, सगळंच. तिला मूलबाळ नव्हतं, दुसरं घर नव्हतं. नवरा याच घरात गेला होता. आणि सगळ्यांना माहीत होतं, की हिल्डाने एकदा ‘मला हे बरोबर वाटत नाही’ म्हटलं की विषय संपला. तिला कारणही द्यावं लागणार नव्हतं.

बैठकांमागून बैठका झाल्या. हिल्डा टेबलाशी बसून सगळ्यांचं ऐकत होती, ‘अजून स्पष्ट झालेलं नाही, थांबू या’ असं लिहीत होती. घरी आली की सिंक कोरडं पुसत होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

बाबांना हे बघवेना. शिक्षण संस्थेचं राजकारण कोळून प्यायलेला माणूस. त्यांचं एक ठाम मत होतं, की सभा सभागृहात होत नसते, ती आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी चहावर होते. मला न सांगता, येताना आणलेला चिवड्याचा डबा घेऊन ते केनेथकडे गेले. परत आले ते खुशीत.

‘काम झालं,’ म्हणाले. ‘सगळं समजावून सांगितलं. या वयात बाईला घराबाहेर काढणं शोभतं का, विषय मागे घे म्हटलं. दोघं-तिघं तुझ्याबरोबर मागे फिरले की झालं.’

‘तो काय म्हणाला?’

‘काही नाही म्हणाला. ऐकून घेतलं. मौनं संमतिलक्षणम्.’

मी कपाळाला हात लावला. अख्ख्या मेलबर्नमध्ये मौनाचा अर्थ संमती धरू नये अशी जी काय दहा माणसं होती, त्यांतल्या एकाला गाठून बाबा आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्डा चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसली. ‘मधुकर, केनेथचा फोन होता.’

बाबा जराही ओशाळले नाहीत. ‘बरं झालं. तुझं घर जातंय, हिल्डा.’ तिला तेही आता नावाने हाक मारायचे.

‘हो.’

‘तू एक शब्द बोललीस तर थांबेल. तूच सांगितलंस.’

‘हो.’

‘मग बोलत का नाहीस? मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी बोललो असतो.’

‘मलाही पहिल्याच दिवशी बोलावंसं वाटलं,’ हिल्डा म्हणाली. ‘म्हणूनच थांबलेय. मला रोज तेच वाटतंय आणि ते कुठून येतंय ते मला कळलेलं नाही.’ मग तिने कप उचलला, आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तू माझ्यासाठी गेलास. ते मी विसरणार नाही. पण रविवारी मला हे सगळ्यांना सांगावं लागेल.’

बाबांना वाटलं ती गंमत करतेय. मी तोपर्यंत तिच्याकडे दोन वर्षं राहिले होते, मला तसं वाटलं नाही.

त्या रविवारी परवानगी काढून आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. हिवाळा होता, हीटर कुरकुरत होता. सुरुवातीची शांतता झाली. हिल्डा टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘मधुकर माझ्यासाठी केनेथशी बोलायला गेला होता. प्रेमाने गेला होता. तुम्हाला ते माहीत असावं, आणि ते बाजूला ठेवावं, अशी माझी विनंती आहे.’

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं, पण रागाने नव्हे. केनेथ म्हणाला, ‘त्याने आणलेलं ते चांगलं होतं. फार तिखट होतं, पण चांगलं.’ कोणीतरी हसलं. बाबांचे कान पुन्हा लाल. संस्थेच्या राजकारणात त्यांच्यावर पुष्कळ आरोप झाले होते, असा एकही नव्हता.

मग हिल्डा म्हणाली, ‘हा विषय माझ्या घराचा आहे. मी टेबलाशी बसणं योग्य नाही.’ तिने पेन ठेवलं आणि येऊन समोरच्या बाकावर बसली. तिच्या जागी केनेथ जाऊन बसला. एवढा मोठा माणूस त्या टेबलामागे अवघडून गेला.

आणि सगळे गप्प झाले.

इतके रविवार मी ती शांतता बाहेरूनच ऐकली होती. आत बसून कळलं की ती रिकामी नसते. त्या खोलीतला प्रत्येक जण हिल्डाने नाही म्हणावं म्हणून बसला होता. विषय काढणारा केनेथसुद्धा. मान खाली घालून, पेन हातात धरून, तो तिच्या नकाराचीच वाट बघत होता. तिने तो दिला असता तर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, चहा केला असता, आणि छत गळत राहिलं असतं. बाबांनी माझं मनगट धरलं होतं.

बऱ्याच वेळाने हिल्डा उठली. बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली.

‘माझ्याकडे नकार आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला सगळ्यांना तो माहीत आहे. तो कुठून येतो ते मी इतके आठवडे शोधत होते. तो उजेडातून आलेला असता तर मी तुम्हाला अडवलं असतं, तुम्ही कितीही असता तरी. पण तो माझ्या स्वयंपाकघरातून येतोय.’ ती थांबली. ‘मला तिथून जायचं नाहीये. मला फार वाईट वाटतंय. ते खरं आहे, म्हणून सांगते. पण तुम्हाला अडवायला तेवढं पुरत नाही.’

ती बसली.

 कोपऱ्यातली एक म्हातारी रडत होती, आवाज न करता. केनेथने कागद पुढे ओढला. लिहायला घेतलं, थांबला, पुन्हा घेतलं.  लाकडावर केसभर इकडे-तिकडे होऊ न देणारा तो माणूस, त्याला एक ओळ लिहिता येईना. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात घेतले.

तेव्हा हिल्डा उठली. टेबलापाशी गेली, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली, आणि स्वतःचं घर मोडण्याचा ठराव तिने स्वतः लिहिला. वाचून दाखवला. साधी चार वाक्यं. ही बैठक बंद करायची, जागा विद्यार्थ्यांसाठी द्यायची, मागचं घर रिकामं करायचं.

केनेथ म्हणाला, ‘लिंबाचं झाड ठेवावं, असं लिही.’

‘झाड आपलं राहणार नाही, केनेथ. तसं लिहिता येणार नाही.’

मग ती कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, ‘जड मनाने, एवढं तरी घाल.’

हिल्डाने सगळ्यांकडे बघितलं. एकेकाच्या चेहऱ्यावर थांबत. ‘हे सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे का?’ तिने विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. मागच्या बाकावरून बाबांनीही हलवली, त्यांना कोणी विचारलं नव्हतं तरी. मग तिने ‘जड मनाने’ लिहिलं, आणि केनेथचा हात हातात घेऊन हलवला. बैठक संपली.

बाबांचे तीन महिने संपले. एअरपोर्टवर मला म्हणाले, ‘आम्ही इतकी वर्षं बहुमत जमवत राहिलो. हिच्या एकटीच्या हातात सगळं होतं.’ मग ट्रॉली ढकलत सिक्युरिटीकडे गेले.

पुढे एकदा ठाण्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हातघाईवर आलेलं असताना ते उठून म्हणाले म्हणे, ‘आधी आपण सगळे दोन मिनिटं शांत बसू.’ सगळे उभे राहिले, आणि शेजारच्याने हळूच विचारलं, ‘कोण गेलं, सर?’ हे मी हिल्डाला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तिने घर सोडलं त्या दिवशी स्वयंपाकघर शेवटचं आवरलं. सगळं खोक्यांत गेल्यावर, पाडायच्या घरातलं ते सिंक तिने फडक्याने कोरडं केलं. फडकं घडी करून नळावर वाळत घातलं. मी शेवटचं खोकं उचललं. 

तिथे आता दुमजली खोल्या आहेत. मी ग्लेन वेव्हर्लीला राहायला आल्यावर ट्रेनने जाताना त्या दिसत, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, सायकली. लिंबाचं झाड नाही.

हिल्डाला मी शेवटचं बघितलं ते एका नर्सिंग होममध्ये. खोली स्वच्छ होती, खिडकीतून पार्किंग दिसायचं. तिथे कोणाला गॅसजवळ जाऊ देत नाहीत. केनेथ आदल्या वर्षी गेला होता. ती खुर्चीत बसली होती, फार बारीक झाली होती, गुडघ्यावर चादर.

एक नर्स औषधांचा ट्रे घेऊन आली. आनंदी, घाईतली मुलगी. ‘हाउ आर वी टुडे, हिल्डा?’ म्हणत तिने गोळ्या दिल्या, पाणी दिलं, उशी सारखी केली, आणि निघून गेली.

हिल्डा विचार करत होती.  पार्किंगमध्ये एक गाडी आली, एक गेली.

‘बरं नाहीये,’ शेवटी ती दाराकडे बघून म्हणाली. ‘स्वयंपाकघराची आठवण येते. अजून येते. पण भीती वाटत नाही.’ मग माझ्याकडे वळून, ‘तिला खरंच ऐकायचं होतं का?’

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. आमच्याकडची पद्धत.

‘नाही, हिल्डा,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली, त्यात तक्रार नव्हती. मग चादरीखालून हात काढून माझा हात घेतला. ‘आणि तू? तू कशी आहेस?’

मी ‘गुड’ म्हणणार होते. घरी जायचं होतं, मुलाला ट्यूशनवरून आणायचं होतं. पण ती वाट बघत होती. मी पर्स खाली ठेवली, आणि विचार करायला लागले.